'१४ हजार चाललेली म्हणून घेतली, २३ हजारांना पडली' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेल्या २०१८ च्या जुन्या टूरिंग मोटरसायकलला दोन महिन्यांत २३ हजार खर्च आला, आंबोली घाटात फोर्कमधून (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्यांमधून) ऑइल गळायला लागलं आणि आम्ही मीटर मागे फिरवलाय. खर्चाबद्दल आणि घाटातल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

मीटरला मात्र हात लावलेला नाही. पहिल्या मालकाचं सर्व्हिस बुक तुमच्याकडेच आहे, तारखा आणि आकडे ताडून बघा. गाडी खरंच १४ हजार किलोमीटरच चालली होती, आणि गफलत तिथेच झाली. 'कमी चाललेली आहे, फक्त पेट्रोल टाका आणि निघा' असं आमच्या मुलाने सांगितलं. ते चूक होतं.

तुमचे काढलेले टायर परवा मी नीट पाहिले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण खाचांमध्ये बारीक भेगा आहेत आणि नख रुततसुद्धा नाही इतकं रबर कडक झालंय. बाजूवर १८१८ छापलंय, म्हणजे २०१८ च्या अठराव्या आठवड्यातला टायर. रबर, ऑइल सील, ब्रेक फ्लुइड, बॅटरी ही मंडळी किलोमीटर बघत नाहीत, वर्षं बघतात. गाडी उभी राहिली तरी ती म्हातारी होतात. टायर-बॅटरीचे साडेबारा हजार आज ना उद्या लागणारच होते, पण ते व्यवहाराआधी सांगायचं काम माझं होतं.

नवीनच घ्यायला हवी होती, असं तुम्ही म्हणता. ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, शिवाय पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. फ्री सर्व्हिसमध्येही मजुरीच माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. वर्षाला दोन-तीन ट्रिप करणाऱ्याला मी आजही जुनीच सुचवीन, फक्त किमतीच्या वर वीसेक हजार बाजूला ठेवून. घेतल्या घेतल्या लडाखला निघायचं असेल आणि गॅरेजच्या फेऱ्या मारायला वेळ नसेल, तर मात्र कर्ज काढून का होईना, वॉरंटीतली नवीन घ्यावी. तुम्ही आलात तेव्हा गाडी कशासाठी हवी, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

फोर्क सील माझ्या नजरेतून सुटलं. रिकामी गाडी स्टँडवरून उतरवून दोनदा दाबली, नळ्या कोरड्या दिसल्या, म्हणून पास केली. दोन माणसं आणि सामान घेऊन खड्ड्यातून जाताना काय होईल ते बघितलं नाही. त्याचे २,६०० आणि मजुरीचे १,२०० रुपये परत देतोय. चेन सेटचं बिलही घेऊन या. जुनी चेन अजून चालली असती असं मला वाटतं, पण स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चाकांचे) दात बघूनच बोलेन, जुना सेट टाकून देऊ नका.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. ब्रेक फ्लुइड आणि कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) मी स्वतः तपासून देईन.