‘एक फवारणी आणि भांगलण कायमची बंद’ हा दावा कोल्हापूरच्या रानात टिकत नाही

पेरणीच्या तोंडावर फिरणारा दावा असा: तणनाशक सहन करणारं सोयाबीन पेरा, ग्लायफोसेट या तणनाशकाची एक फवारणी करा, भांगलण (हाताने तण काढणं) कायमची बंद, उत्पादनही वाढेल.

“एका फवारणीत सगळं तण जातं.” ग्लायफोसेट वनस्पतीला जगायला लागणारं ईपीएसपीएस हे एन्झाइम बंद पाडतं. सहनशील वाणात जिवाणूकडून घेतलेलं त्याचं वेगळं रूप असतं, म्हणून पीक तगतं. पण काही तणंही मुळातच चिवट असतात. मोठा झालेला केना हे तण ग्लायफोसेटला सहज दाद देत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियात सहनशील कापसातली बाकीची तणं हटली आणि मोकळ्या जागेत हाच केना पसरला. त्यात पावसाळ्यात पंचगंगेचं गढूळ पाणी पंपात भरलं, तर मातीचे कण औषध धरून ठेवतात आणि फवारा वाया जातो.

“भांगलण कायमची बंद.” अमेरिकेत असं सोयाबीन 1996 मध्ये आलं. सुरुवातीला मशागत आणि वेळ खरोखर वाचला, हे मान्यच करायला हवं. पण दरवर्षी तेच औषध मारलं की त्यातून वाचणाऱ्या झाडांचंच बी रानात उरतं. 2005 मध्ये जॉर्जियात ग्लायफोसेटला न जुमानणारा पामर राजगिरा सापडला. हा आपल्या काटेमाठाच्याच कुळातला. त्याच्या पेशींत ईपीएसपीएसच्या जनुकाच्या शंभराहून जास्त प्रती आढळल्या, त्यामुळे नेहमीचा डोस त्याला पुरत नाही. एका मादी झाडाला लाखो बिया येतात. शेवटी तिथेही तण हाताने उपटायला मजूर लावावे लागले. त्यावर उपाय म्हणून डायकांबा हे दुसरं तणनाशक सहन करणारी पिकं आणली, तर 2017 मध्ये उडालेल्या डायकांबाने सुमारे 36 लाख एकर साध्या सोयाबीनला इजा केल्याचा अंदाज निघाला. आपल्याकडे तर बांधापलीकडे लगेच दुसऱ्याचा भुईमूग किंवा टोमॅटो असतो.

“कोल्हापूरला हे फारच सोयीचं.” उलट इथेच ते सर्वांत अडचणीचं आहे. आडसाली उसाच्या सरीत सोयाबीनचं आंतरपीक घेणारे पुष्कळ आहेत. सहनशीलता फक्त सोयाबीनला असते, उसाला नाही. वरून फवारलं की सोयाबीन उभं राहील आणि कोवळा ऊस जळेल. नुसत्या या कारणासाठीही हा दावा पुढे पाठवू नये.

“उत्पादन वाढतं.” हे जनुक शेंगा वाढवत नाही. तणाने होणारी घट टळते, तेवढीच.

बियाण्याबद्दलही एक गोष्ट: अशा सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. चोरून मिळालेल्या पिशवीचं बिल नसतं, मग उगवण फसली तर भरपाई मागायची कुणाकडे? सोयाबीन स्वपरागी असलं तरी मळणी मशीनमध्ये बी मिसळतं. असं मिसळलेलं घरचं बी पेरून ग्लायफोसेट मारलं, तर साधी रोपं मरून ओळीत तुटाळ पडते.

सलग सोयाबीनला आजही सोय आहे. पेरणीनंतर 48 तासांत, जमिनीत ओल असताना, पेंडिमेथालिन 30 ईसी हे तणनाशक एकरी 1 ते 1.3 लिटर. ते चुकलं तर 15 ते 20 दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना, इमेझेथापायर 10 एसएल हे तणनाशक एकरी 400 मिली, 200 लिटर स्वच्छ पाण्यात. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. तण मोठं झालं की याचा उपयोग होत नाही. उसातल्या आंतरपिकात इमेझेथापायर नको, तिथे कोळपणी आणि भांगलणच. फवारणीतून सुटलेला केना आणि काटेमाठ बी धरण्याआधी उपटा. केन्याचे तुकडे ओल्या रानात टाकू नका, कांड्यांना पुन्हा मुळं फुटतात.