बाटलीची भरती

समुद्रावर जाऊन नुसतं पडून राहायचं हा बेत आमच्या घरात पंधरा दिवस शिजत होता आणि नुसतं पडून राहण्यासाठी गाडीत जे काही भरलं ते बघून शेजारच्या काकांनी विचारलं, घर बदलताय का. छत्री, चटया, घडीच्या खुर्च्या चार (माणसं पाच, पण पाचवा मी), कोळशाची छोटी शेगडी, लेकीची बादली-फावडी, सासूबाईंचा 'असू दे' डबा, म्हणजे काय आहे विचारलं की त्या "असू दे" म्हणतात तो, आणि आईसबॉक्स. एकच. पुढचं सगळं रामायण ह्या 'एकच'मुळे झालं.

वाईन मेव्हण्याने आणली होती. त्याने मध्यंतरी एक दिवसाचं टेस्टिंगचं वर्कशॉप केलंय, तेव्हापासून तो चहासुद्धा कपात गोल फिरवून वास घेतल्याशिवाय पीत नाही, आणि वाईनच्या दगडासारख्या चवीला 'मिनरल' म्हणतो. सोव्हिन्यों ब्लाँ, एकच बाटली. "व्हाइट आठ ते दहा डिग्रीलाच घ्यायची भावजी, त्याच्या वर गेली की सगळी मजा गेली," असं त्याने गाडीत तीन वेळा सांगितलं. वर, बर्फात नुसती खोचायची नाही, बर्फात पाणी आणि मूठभर मीठ घालायचं, पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं आणि मिठाने ते शून्याच्याही खाली जातं, मग लवकर गार होते. हे खरं आहे, मी घरी करून बघितलंय. फक्त त्यासाठी बर्फ लागतो.

आणि बर्फ माशाने पळवला. आम्ही पोचलो तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या, आणि बायको ताज्या माशासमोर उभी राहिली की तिला दुसरं काही दिसत नाही. डोळे फुगीर आणि काचेसारखे हवेत, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. तिने एक मासा दाबला, खड्डा लगेच भरून आला, मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "हा तरी ताजा आहे." मेव्हण्याला कालवं हवी होती, पण ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यात कालवं खायची नाहीत असा जुना नियम आहे, कारण उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि कालवांचा अंडी घालायचा मोसमही तोच. नियम इंग्रजी स्पेलिंगचा, पण मी तिथल्या तिथे मराठीत तपासून बघितला, मे, जून, जुलै, ऑगस्ट, बरोबर लागू पडतो, एप्रिलचा र तेवढा पायात लपलेला असतो. मेव्हणा म्हणाला, ते जुन्या काळी, आता थंड साखळी वगैरे असते, माल बाजारापर्यंत गारच राहतो. बायको म्हणाली, तुझी थंड साखळी म्हणजे हा एक डबा, आणि त्यात मासा बसणार.

तर मासा बर्फात गेला आणि बाटली बाहेर आली. दोन्ही एकत्र ठेवू म्हटलं तर "वाईनला वास लागला की तूच नाक मुरडशील" म्हणून भावाला गप्प केलं. इथे मला बुद्धी सुचली. मी म्हटलं, पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत पुरू, खाली वाळू कशी मस्त गार लागते बघा. सगळ्यांनी पाय घालून बघितले, गार होती. ठीक बाराला मी हातभर खड्डा खणून बाटली उभी पुरली आणि खूण म्हणून लेकीचा लाल कागदी झेंडा खोचला. बायकोने विचारलं, पाणी वर नाही ना येणार? मी आत्मविश्वासाने सांगितलं की गेल्या रविवारी ऑफिसवाल्यांबरोबर मी इथेच होतो, दुपारी चारला पूर्ण ओहोटी होती, पाणी पार तिकडे, म्हणजे आता ते आतच जाणार.

आता ह्यात माझं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण घरी मला ते रोज सांगितलं जातं. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येतो आणि भरती-ओहोटी त्याच्या मागे मागे तेवढीच सरकते. सात दिवसांचे झाले जवळजवळ सहा तास. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंतही साधारण सहाच तास. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळेला ओहोटी, ह्या रविवारी त्याच वेळेला भरती, इतकं चोख उलटं की आठवड्याने यायचं ठरवणाऱ्या माणसाला फसवायलाच जणू ही व्यवस्था केली आहे. त्यात पौर्णिमा. सूर्य-चंद्र दोघं मिळून ओढतात, मोठं उधाण.

पण हे सगळं नंतर. तेव्हा मी सनस्क्रीन लावत होतो. मोठ्या माणसाला अंगभर लावायला साधारण 30 मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा, घरात एवढं कोण लावतं, आपण चेहऱ्याला चार ठिपके देतो. त्या दिवशी मात्र बायकोने नियमाप्रमाणे सगळ्यांना थापलं, मी शेवटचा, आणि ट्यूब माझ्या घोट्यांपाशी संपली. त्याचा हिशोब रात्री झाला, दोन्ही पावलं चपलेच्या पट्ट्यांचं डिझाइन सोडून टोमॅटोसारखी लाल.

दुपारी वारा सुटला. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावत येतो, पाठ्यपुस्तकात ह्याला किती छान निळे बाण असतात, प्रत्यक्षात त्या बाणांबरोबर वाळू येते हे चित्रात दाखवत नाहीत. छत्री दोनदा पळाली. मेव्हणा शेगडीला पाठ देऊन भिंत झाला. पण मासा! नुसतं मीठ आणि लिंबू, कातडी चटचट आवाज करत फुगली, कडेला काळी झाली, बोटाने उचलली तर खाली मांस पांढरंशुभ्र, पाकळ्या पाकळ्या सुटत होत्या आणि त्यातून वाफ. कोणी बोलेना. सासूबाईंनी काटे कागदावर ओळीने लावून ठेवले. मग मेव्हणा हात पुसत म्हणाला, "भावजी, आता आणा."

मी वळलो तर समोर समुद्र. मगाशी समुद्राच्या आधी वीस-पंचवीस पावलं वाळू होती ती नव्हतीच. झेंडाही नव्हता. झेंडा आमच्या मागे लेकीच्या वाळूच्या किल्ल्यावर फडकत होता. "माझाच आहे ना तो," लेक म्हणाली, आणि मुद्दा बरोबर होता.

मग आम्ही तिघं कमरेत वाकून, हात कोपरापर्यंत वाळूत, एका रांगेत समुद्र चाचपू लागलो. हे दृश्य कोणालाही स्वस्थ बसू देणार नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली, आला, काय हरवलं विचारलं. बाटली म्हणायची सोय नव्हती, म्हणजे तिथे मनाई नव्हती, पण समुद्राने वाईन नेली हे म्हणायला जीभ रेटेना. बायको पटकन म्हणाली, कानातलं. झालं. पाच मिनिटांत दहा-बारा अनोळखी माणसं पाण्यात, एक आजोबा पँट वर करून दिशा दाखवतायत, आणि एका मुलाने ओरडून खरंच एक कानातलं वर काढलं! मोत्याचं, छोटंसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोच्या दोन्ही कानांत तिची कुडी लखलखत होती. तिने केस पुढे घेतले, थँक्यू म्हणाली, आणि गर्दी पांगल्यावर ते गुपचूप जीवरक्षकाकडे जमा करून आली.

भरतीचं काम तक्ता बघून करायचं असतं हे मला तेव्हा मेव्हण्याने मोबाईलवर दाखवलं. सव्वासातच्या आधी पाणी त्या जागेच्या खाली जाणार नव्हतं. सामान बांधून जाऊ म्हटलं तर तो हटून बसला. मग आम्ही बसलो. नुसते. त्या दिवसात पहिल्यांदाच. सासूबाईंनी 'असू दे' डबा उघडला, आत आणखी चार चमचे, दोन मेणबत्त्या आणि पाच कागदी कप होते.

अंधार पडता पडता पाठीमागून पूर्ण चंद्र वर आला, ज्याने बाटली बुडवली त्यानेच उजेड दाखवला म्हणायचं. लेक झेंडा घेऊन आली, "हा घे बाबा, माझं झालं." पाणी हटलं, आधी माझी एक चप्पल सापडली, जी हरवल्याचं मला माहीतच नव्हतं, आणि मग चार पावलांवर काचेचं टोक. लेबल धुऊन गेलेलं, बूच शाबूत. ओढून काढली. उबदार होती. पाण्याकाठची वाळू पाण्याइतकीच गार असते आणि उन्हाळ्यातला समुद्र काही आठ डिग्री नसतो.

मेव्हण्याने कप गोल फिरवला, वास घेतला, घोट घेतला. दातांखाली कचकन काहीतरी वाजलं.

"मिनरल," तो म्हणाला.