‘हायवेवर कुणासाठीही थांबू नका’ या मेसेजला माझं उत्तर

थंडी पडली आणि कारखान्यांचं गाळप सुरू झालं की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा भावकीच्या ग्रुपवर आला, गावच्या ग्रुपवर आला आणि पोरांच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा:

‘रात्री पुणे-बेंगलोर हायवेवर कुणी हात केला, बंद गाडी दिसली, बाई-लेकरू उभं दिसलं तरी थांबू नका, ते लुटारूंचं सोंग असतं. काचेवर अंडं फेकलं तर वायपर-पाणी मारू नका, 92.5 टक्के काच पांढरी होते. अपघातग्रस्ताला हात लावलात तर पोलीस तुम्हालाच गोवतील आणि दवाखान्याचं बिल तुमच्या गळ्यात पडेल. ओळखीचा माणूस असेल तरच थांबा, तेही त्याच्या गाडीच्या मागे चिकटून, हेडलाइट चालू ठेवून. नाहीतर सरळ पुढे जा, कुणीतरी फोन केलेला असतोच.’

सातारा-कराडच्या मधे, नागठाण्याजवळ हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. बंद पडलेल्या गाडीपर्यंत जाणं हाच आमचा धंदा, दिवसाही आणि रात्रीही. म्हणून हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, धोकादायक वाटतो. तो माणसाला माणसाची भीती घालतो आणि ज्याची खरी भीती बाळगायला हवी, त्या मागून येणाऱ्या वाहनाबद्दल उलटाच सल्ला देतो. आता एकेक मुद्दा घेतो.

‘हात करणारा लुटारूच असतो’

हायवेवर लुटीचे प्रकार होतात, हे मी नाकारत नाही. पण ‘कधीकधी होतं’ यावरून ‘कुणीही असो, थांबू नका’ इथवर उडी मारली की खंबाटकी घाट चढताना इंजिन तापलेला, पसरणी घाटात क्लच प्लेट जाळून बसलेला, लग्नाहून परतताना स्टेपनीतही हवा नसलेला, असे सगळेच लुटारू ठरतात. आमच्याकडे रात्री येणारे फोन याच लोकांचे असतात.

मदत करायला थांबलंच पाहिजे असंही नाही. एकटे असाल, रात्र असेल, आसपास वस्ती नसेल तर उतरू नका आणि त्यात कसला कमीपणाही मानू नका. पुढचा चालू पेट्रोल पंप, ढाबा, आनेवाडी किंवा तासवडेचा टोलनाका, जे आधी येईल तिथे गाडी आत घ्या आणि फोन लावा. त्या फोनने अडकलेल्या माणसाचं निम्मं काम होतं.

बोलायला थांबलातच तर दारं लॉक ठेवा, इंजिन चालू ठेवा, काच दोन बोटं खाली घ्या आणि विचारा, ‘काय झालंय? कुणाला फोन लावू?’ खरोखर अडकलेला माणूस लगेच नंबर सांगतो. जो फोनचं नावच घेत नाही, ‘आधी खाली तर उतरा’ एवढंच म्हणत राहतो, तिथून निघायचं आणि 112 ला, म्हणजे पोलिसांना कळवायचं. असं गाडीत बसून बोलणं मिनिटभरापुरतंच. त्यानंतर एकतर निघा, नाहीतर सगळे उतरून रस्त्यापासून लांब व्हा. का, ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट त्या मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेली नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. बाई एकटी असेल तर विचारूच नका. अशा वेळी गाडीतून चार बाप्ये उतरून घोळका करत गेले, तर तिने मदत मागायची की पळायचं? एकाने जावं. दहा फुटांवर थांबावं, मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या अंगावर धरावा म्हणजे तिला माणूस दिसेल, आणि तिथूनच बोलावं: ‘ताई, मी इथूनच बोलतो. घरी फोन लागतोय का? नाहीतर मी 112 ला लावतो.’ आधी ‘चला, सोडतो’ म्हणू नये. तिचा फोन हातात मागू नये. तिच्या घरच्यांशी तिच्यासमोर, तिला ऐकू जाईल असं बोलावं. एवढं केलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि पुढचं काम सोपं होतं.

‘अंडं, पाणी आणि 92.5 टक्के’

यावर जास्त शाई घालवत नाही. अंड्यावर पाणी पडलं की काच थोडा वेळ फरकाटते, हे खरं. पाणी मारत वायपर चालवत राहिलं की निवळते. तो 92.5 चा आकडा कुणी, कशाने मोजला याचा पत्ता नाही. दशांश चिन्ह टाकलं की लोकांना खरं वाटतं, एवढंच. काचेवर काहीही आपटलं तर तिथे न थांबता उजेडापर्यंत जायचं, इतकी एकच गोष्ट त्या ओळीतून घेण्यासारखी आहे.

‘पोलीस तुम्हालाच गोवतील, बिल तुम्हालाच भरावं लागेल’

पंक्चर झालेल्या किंवा बॅटरी उतरलेल्या गाडीला मदत करण्यात पोलीस केसचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो अपघाताचा. आणि तिथे ही भीती एके काळी खरी होती. जखमीला आणणाऱ्याला तासन्‌तास बसवून ठेवायचे, पुन्हा पुन्हा जबाबाला बोलवायचे. आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘लांबूनच बघ’ म्हणून शिकवलं ते त्याच अनुभवातून.

पण कायदा तिथे राहिलेला नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं आणि 2020 च्या सप्टेंबरात त्याचे नियमही आले. चांगल्या हेतूने मदत करताना तुमच्या हातून काही चुकलं आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर. झालातच तर तुमच्या सोयीच्या वेळी आणि जागी, तुमच्या घरी सुद्धा, एकदाच जबाब घ्यायचा आणि येणारा पोलीस साध्या कपड्यात असला पाहिजे. हे हक्क रुग्णालयाने दारात ठळक लावायचे असतात. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर तो फलक शोधा, नसेल तर विचारा.

बिलाचं म्हणाल तर जखमीला आणून सोडणाऱ्याकडून, तो नातेवाईक नसेल तर, नोंदणीचे किंवा दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत. पोलिसांची वाट न पाहता आधी उपचार करणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मोफत उपचारांची केंद्राची योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी ‘राहवीर’ म्हणून 25,000 रुपयांचं बक्षीसही आहे.

एखादा हवालदार तरीही नाव विचारेल. शांतपणे म्हणा, ‘साहेब, मी मदतीला थांबलोय, नाव द्यायचं की नाही ते माझ्या मर्जीवर आहे.’ आवाज चढवायची गरज नाही. मात्र ज्याच्या गाडीने धडक झाली, त्याला हे संरक्षण लागू नाही. त्याच्यावर कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहेच.

जखमीला हात लावण्याबद्दलही दोन शब्द. आग किंवा पुन्हा धडक बसायचा धोका नसेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका, मानेला इजा असू शकते. 108 लावा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट उपसायची घाई करू नका. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ‘पाणी पाजा, पाणी पाजा’ ही आपल्याकडची पहिली हाक असते, मनापासूनची असते, पण ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

‘मागे चिकटून, हेडलाइट चालू ठेवून थांबा’

सगळ्या मेसेजमध्ये जीव घेणारी ओळ ही आहे.

ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे येते. समोरची गाडी उभी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 33 मीटर गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची कार थांबायला आणखी चाळीसेक मीटर घेते. भरलेला ट्रक त्याहून जास्त, ओला रस्ता असेल तर आणखी जास्त. आणि डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या, उजेडात नीट दिसतं ते साधारण 50 मीटरपर्यंत. म्हणजे ड्रायव्हर जागा असला, प्यायलेला नसला, मोबाइलवर नसला तरी फक्त आपल्या उजेडावर त्याला वेळेत थांबता येत नाही. तुम्ही त्याला लांबून सांगितलं तरच तो वाचवेल.

हेडलाइट चालू ठेवून मागे उभं राहिलात की मागून येणाऱ्याला काय दिसतं? दोन लाल टेललाइट. तसे लाल दिवे तो रात्रभर बघत आलेला असतो आणि ते चालत्या गाडीचे असतात. तो त्यांच्याच मागे येत राहतो. गाडी उभी आहे हे त्याला कळतं तेव्हा अंतर संपलेलं असतं. त्यात तुम्ही चिकटून थांबलेले, म्हणजे तुमची गाडी पुढच्या गाडीवर ढकलली जाणार. आणि त्या दोन गाड्यांच्या मधे कोण असतं? बॅटरीला जंपर लावणारा, टोचनाचा दोर बांधणारा, डिकीतून जॅक काढणारा. दोन गाड्यांच्या मधे पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पाना हातात देण्याआधी शिकवतो.

मग थांबायचं कसं? बंद गाडी ओलांडून तीस-चाळीस मीटर पुढे जा आणि पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण डावीकडे, जमलं तर सर्व्हिस रोडवर गाडी घ्या. चारी इंडिकेटर लावा. (पावसात चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायची जी खोड आपल्या लोकांना लागलीय, तिने या दिव्यांचा अर्थच घालवलाय. ते उभ्या गाडीसाठी आहेत.) सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे जायचं. तिथेही बंद गाडीच्या पुढे थांबू नका, तिच्या मागच्या बाजूला थांबा, कारण धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. बंद गाडीतल्या लोकांनाही बाहेर काढा. थंडी आहे, पोर झोपलंय म्हणून आत बसून राहणं हाच सगळ्यात मोठा धोका.

नव्या गाडीबरोबर लाल त्रिकोण मिळतो. बहुतेकांच्या डिकीत तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेलाच नसतो. तो उघडून समोर धरून, कठड्याच्या पलीकडून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, गाडीच्या मागच्या दिशेने चालत जा. शंभर मोठी पावलं. वळण असेल तर येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा, वळणानंतर दिसून उपयोग नाही. चालायला सुरक्षित जागाच नसेल, पूल असेल, बोगदा असेल, तर त्रिकोणाचा हट्ट सोडा, लांब जाऊन फोन करा. आणि रस्त्याच्या बाजूचं चाक पंक्चर असेल तर तिथे वाहनांकडे पाठ करून बसू नका. तशीच हळूहळू मोकळ्या जागेपर्यंत न्यायला सांगा. टायर फाटेल, रिम वाकेल, दोन्ही बाजारात मिळतात.

आपल्या भागात याच्या जोडीला ऊस आहे. उंब्रजपासून पेठनाक्यापर्यंत डिसेंबरच्या रात्री कधीही बघा, डबल ट्रॉलीचा एक्सल तुटून ट्रॅक्टर साइडपट्टीला उभा असतो. मागे रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलाने माखलेला, वरून उसाचे शेंडे लोंबून तोही झाकलेला. ड्रायव्हर बिचारा मागे चार धोंडे मांडतो, त्यात एखादी फांदी खोचतो. अंधारात ते धोंडे कुणाला दिसत नाहीत. पहाटे ट्रॉली निघून जाते आणि धोंडे तिथेच राहतात. मग एखादा दूधवाला मोटरसायकलवरून त्यावर जातो. अशा ट्रॅक्टरवाल्याला मदत करायची असेल तर तुमचा त्रिकोण त्याच्या मागे लांब ठेवून द्या आणि परत मागू नका. मागच्या फळीवरचा चिखल फडक्याने पुसा. आणि निघताना त्याला सांगा, ‘दादा, जाताना धोंडे रस्त्यावरून काढून खाली टाकून जा.’

‘कुणीतरी फोन केलेला असतोच’

प्रत्येक जाणारा हेच समजत असतो. राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा, गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका तिथून मिळते. बाकी कुठल्याही रस्त्यावर, म्हणजे सांगली-तासगाव असो की कासचा रस्ता, 112. आधी कुणी कळवलं असेल तर तसं सांगतात, तुमचं अर्धं मिनिट जातं.

फोन करताना जागा नीट सांगा. ‘कराडच्या थोडं पुढे’ याने काहीच कळत नाही. कडेला पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड असतो, त्यामधे दर 200 मीटरला छोटे दगड असतात, त्यावरचा आकडा वाचा. आणि लेन पुण्याकडे जाणारी की कोल्हापूरकडे जाणारी, हे आधी सांगा. मधे दुभाजक आहे. क्रेन चुकीच्या बाजूने आली तर तिला पुढचा फाटा गाठून वळून यावं लागतं, आणि तेवढा वेळ ते कुटुंब अंधारात उभं असतं.