'त्यांना विचारा, पण एकटं असताना'

दरवर्षी १५ जूनला, वृद्धांच्या छळाविरुद्धच्या जागतिक दिवशी, इथे सोशल मीडियावर सुरकुतलेल्या हातांचे फोटो येतात. खाली 'आईवडिलांना जपा' वगैरे. मला त्या फोटोंचा खरंच कंटाळा आलाय. त्यांत म्हातारा माणूस म्हणजे नुसता थरथरता हात. त्याला बँकेत खातं नसतं, कुणाचा राग येत नाही, स्वतःचं काही मत नसतं. दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवलं की झालं.

छळ म्हटलं की आपण अंगावरचे वळ शोधतो. वळ असतातही, पण बहुतेकदा नसतात. २८ देशांतल्या ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. साठीपुढच्या दर सहा जणांपैकी जवळपास एकाने गेल्या वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसला होता. त्यात मानसिक छळ सर्वांत जास्त, ११.६ टक्के. पैशांची फसवणूक किंवा लुबाडणूक ६.८ टक्के, दुर्लक्ष ४.२ टक्के. मारहाण २.६ टक्के. म्हणजे टोमणे, धमक्या, अबोला आणि परस्पर काढलेले पैसे. यातलं काहीच शेजारच्याला दिसत नाही.

याचं कारण विचारलं की उत्तर तयार असतं : 'म्हाताऱ्यांचं करणारी माणसं थकतात हो, चिडचिड होते.' थकतात, हे खरंच आहे, त्यावर पुढे बोलते. पण तेवढ्यावर विषय मिटवणं मला पटत नाही. कार्ल पिलेमर आणि डेव्हिड फिंकेलहॉर या दोन संशोधकांनी १९८०च्या दशकात बॉस्टनमधल्या २,०००हून जास्त वृद्धांशी बोलून जे मांडलं ते आजही अनेकांना उलटं वाटतं. छळ करणारा माणूसच बऱ्याचदा त्या वृद्धावर अवलंबून असतो. पैशासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी. ज्याला आपण 'म्हाताऱ्यांचं सगळं तोच बघतो' म्हणून डोक्यावर घेतो, त्याचं घर कधीकधी म्हाताऱ्यांच्याच पेन्शनवर चालत असतं. सगळेच असे नसतात, हे सांगायलाच हवं. जीव ओतून करणारी माणसं मी पाहिली आहेत.

हे एकदा लक्षात आलं की कुठे बघायचं ते कळतं. पासबुक कुणाकडे आहे? एटीएमचा पिन कुणाला माहीत आहे? फोन कोण उचलतं? 'त्या झोपल्यात', 'त्यांना ऐकू येत नाही', 'आता त्यांना काही कळत नाही' ही वाक्यं एकाच तोंडून दर वेळी येत असतील, तर कान टवकारा. चष्मा तुटून कित्येक दिवस झाले, श्रवणयंत्राची बॅटरी बदललेली नाही, औषधं संपलीत, हा निव्वळ विसराळूपणा असेलही. पण ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला तक्रारही करता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं अगदी छोटं आहे. भेटायला जाल तेव्हा थोडा वेळ त्यांच्याशी एकट्याने बोला. चला जरा फिरून येऊ म्हणा, काहीही निमित्त काढा. 'तुम्हाला त्रास होतो का?' असं थेट विचारलं तर 'छे छे' हेच उत्तर मिळेल, कारण त्रास देणारा बहुतेकदा त्यांच्या पोटचाच असतो. त्यापेक्षा 'पैसे लागले तर कुणाकडे मागता?', 'रात्री घरी कोण असतं?', 'मनात आलं तर बाहेर पडता येतं का?' असं विचारा. डॉक्टरांनीही तपासताना दोन मिनिटं नातेवाइकांना बाहेर बसवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दर २४ प्रकरणांपैकी एकच कुठेतरी नोंदवलं जातं. बाकीची घरातच राहतात, झाकल्या मुठीसारखी.

आणि त्यांनी सांगितलंच, तर लगेच तलवार उपसून भांडायला जाऊ नका. तुम्ही तासाभराने घरी जाल, ते तिथेच राहणार आहेत. जिवाला धोका असेल तर थांबायचं नाही, पोलिसांना किंवा ज्येष्ठांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. एरवी मात्र त्यांना काय हवंय ते आधी विचारा. मुलावर तक्रार नको, पण त्याने पैशाला हात लावू नये, असंही कुणी म्हणतं. त्यांचं डोकं ठिकाणावर असेल तर तो निर्णय त्यांचाच. मदतीच्या नावाखाली आपणही त्यांचं तोंड बंद करायचं, याला काय अर्थ आहे?

थकलेल्यांचंही सांगायचं होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दिवसरात्र सांभाळणं म्हणजे काय, हे लांबून सल्ले देणाऱ्या भावंडांना कळत नाही. फोनवरून 'आईची काळजी घे' म्हणण्याऐवजी आठवड्यातली एक रात्र तिच्याजवळ झोपायला या. तेही जमत नसेल तर पैसे पाठवा, त्यातून मदतीला माणूस ठेवता येईल. पण वृद्धाश्रमासारख्या संस्थेत ठेवलं म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. संस्थांमधल्या अभ्यासांत तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात वृद्धांशी वाईट वागल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. तिथेही न कळवता, वेगवेगळ्या वेळी जायचं.

पैशाचा विषय मात्र आईवडील धडधाकट असतानाच काढा. मुखत्यारपत्र करायचं असेल तर एकाच्याच हाती सगळं देऊ नका, हिशेब बघायला दुसरा कुणीतरी असू द्या. बँकेचे मेसेज त्यांच्या स्वतःच्या फोनवर येत राहू द्यात. आणि घर कुणाच्या नावावर करायचा विचार असेल, तर सही करण्याआधी त्यांनी स्वतः निवडलेल्या वकिलाशी, एकट्याने, बोलून घ्यावं. तुम्ही बाहेर थांबा.