पकड इनॅमलची आणि डेंटिनची

दातांच्या रंगाचे फिलिंग निसटते ते हलक्या मालामुळे, असे एका लेखात म्हटले होते; ते विधान मला अपुरे वाटते. १९५५ मध्ये दंतवैद्यक संशोधक ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, खरखरीत करण्याची युक्ती मांडली आणि तिथली पकड आजही भरवशाची आहे. खरी अडचण इनॅमलच्या आतल्या थराची, म्हणजे डेंटिनची, कारण त्यात पाणी व कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात, आणि आम्ल धुतल्यावर हवेचा फवारा जरा जास्त झाला की हे तंतू चपटे बसून चिकटद्रव्य आत झिरपू देत नाहीत. दादरच्या आमच्या दवाखान्यात रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, लावताना रुग्ण कुरकुरतात (मुंबईच्या दमट हवेपेक्षा तोंडातली वाफच अधिक नडते), परंतु हिरडीलगत, जिथे इनॅमल जेमतेमच असते, तिथे लाळ लागली तर दात पुन्हा स्वच्छ करण्यावाचून गत्यंतर नसते.