मांडीवरचा केरवा

गाणं लिहायला शिकणाऱ्या माणसाकडे पाहून घरच्यांची खात्री होते की ह्याला काही काम नाही. नजर छताला, ओठ पुटपुटतायत आणि उजवा हात मांडीवर केरवा तालाचे बोल वाजवतोय: धा गे ना ती, न क धि न. खरं तर तो मोलमजुरी करत असतो. मोजत असतो. पण हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण लोकांच्या मते गाणं ‘सुचतं’. त्यामुळे सोसायटीचा गणपती असो, काकूंची साठी असो की भावी नगरसेवकाचा प्रचार, मागणी एकच: “चार ओळी तर हव्यात, दे खरडून.”

चार ओळींत पहिला खड्डा यमकाचा. नाशिककर नवशिक्याची पहिली शिकार म्हणजे ‘नाशिक–आशिक’. दोन्ही शब्द चार-चार मात्रांचे, शेवट तंतोतंत जुळतो आणि हा शोध आपल्याआधी कुणाला लागलाच नसणार अशी खात्री वाटते. लागलेला असतो. सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तो आहे. ‘द्राक्ष’ घ्यावं, तर जोडीला साक्ष, कटाक्ष, गवाक्ष आणि रुद्राक्ष एवढीच मंडळी. म्हणजे बाग पिंपळगावची आणि भाषा ऐतिहासिक नाटकातली. मिसळीला उसळ, घुसळ, मुसळ मुबलक मिळतात, पण त्यातून प्रेमगीत निघत नाही.

मग माणूस क्रियापदांकडे वळतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आले-गेले-झाले-केले ही यमकं फुकट पडलेली असतात. फुकट आहेत म्हणूनच ती वापरू नयेत. क्रियापद आत ओढावं आणि ओळीच्या टोकाला नाम ठेवावं. सरावाला अष्टाक्षरी बरी: ओळीत आठ अक्षरं, चारावर हलका थांबा, आणि अक्षरछंद असल्यामुळे ह्रस्व-दीर्घाची पंचाईत नाही, म्हणताना प्रत्येक अक्षर सारखंच लांबवायचं. केरव्याच्या आठ मात्रांवर ते आपसूक बसतं.

जागी होते गोदावरी,
पोळू लागे ही पायरी.

मोजा, आठ-आठ भरतात. आता ते ‘ही’ बघा. ती पायरी कुठली, हे विचारायला कोणी आलं नव्हतं. ‘ही’ फक्त आठवं अक्षर भरायला आली आहे. याला पादपूरक म्हणतात, आम्ही भरती म्हणतो. ‘रे’, ‘गं’, ‘अन्’, ‘तो’, ‘ही’ हे सगळे त्या भरतीतले कायम कर्मचारी. एका अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, एक खपतो. तीन झाले की ऐकणाऱ्याला कळतं, इथे कवीची अक्षरं संपली होती.

लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या अक्षरगणवृत्तात गेलात तर मामला कडक. रामदासस्वामींनी बारा वर्षं तप केलं ते नाशिकच्या टाकळीला, आणि मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, लगागा (ल म्हणजे लघु, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा) चार वेळा, हे शाळेपासून कानात बसलेलं. त्यामुळे हाताला तेच आधी लागतं. धोका असा की या वृत्तात काहीही लिहा, उपदेशच ऐकू येतो. ‘सकाळी सकाळी न आलेच पाणी’ ही साधी तक्रार, पण म्हणून पाहा. पुढची ओळ ‘मना’ने सुरू होणार असं वाटतं. शिवाय लगागा पाच मात्रांचा आणि दादरा ताल सहाचा. शेवटचा गुरू एक मात्रा ताणला तर बसतं. नाही ताणला तर दुसऱ्याच आवर्तनात तबलजी पेटीवाल्याकडे बघतो आणि मग दोघं मिळून तुमच्याकडे.

मोजतानाही चकवा आहेच. जोडाक्षर आलं की आधीचं लघु अक्षर गुरू होतं. ‘सत्य’मधला ‘स’ दोन मात्रांचा. पण ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर आघात येत नाही, तो एकाच मात्रेचा. प्रेमगीतात ‘तुझ्या’ किती वेळा येतं ते पाहता, हा नियम वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवावा.

रचना सोपी: मुखडा, म्हणजे ध्रुवपद, दोन ओळींचा, अंतरे दोन किंवा तीन. जुन्या 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून ही काटकसर आली. तबकड्या गेल्या, काटकसर राहिली. अंतऱ्याची शेवटची ओळ, म्हणजे क्रॉस लाइन, यमकात मुखड्याशी परत जुळली पाहिजे. नवशिके चमकदार अंतरा लिहितात आणि शेवटी त्यांना मुखड्याकडे जायला रस्ताच उरत नाही.

खरा छळ चालीवर शब्द लिहिण्यात. संगीतकार मोबाइलवर ‘ला ला ला’ गाऊन पाठवतो. ती ऐकत कागदावर ल आणि गा मांडावेत, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली करावी, आणि गायक श्वास घेईल तिथे उभी रेघ ओढावी. ही रेघ राहिली की घात. ‘मला विसरू नको’ हे शब्द मात्रांत चोख बसतात, पण श्वास ‘विसर’नंतर आला तर नायिका आधी ‘मला विसर’ म्हणते, मध्ये बासरी वाजते, आणि मग कुठूनतरी ‘ऊ नको’ ऐकू येतं.

वरच्या लांब सुरावर आ, ए किंवा ओ द्यावा. तोंड उघडं राहतं. तिथे ‘इ’ दिली की आवाज चिमटतो. ‘भ’ आणि ‘फ’ने ओळ सुरू केली तर माइकवर हवेचा धपका बसतो, गाळणी लावली तरी थोडा उरतोच. म्हणून लिहिलेलं मोठ्याने म्हणून पाहायचं, मनातल्या मनात नाही. मनात सगळ्यांचाच गळा चांगला असतो.

मिरवणुकीचं गाणं मागितलं तर मात्र हे सारं शास्त्र गुंडाळून ठेवावं. नाशिक ढोल सुरू झाला की व्यंजनं बुडतात, फक्त स्वर तरंगतात. लांब ‘आ’ असलेला एक मुखडा पुरतो. तोच रविवार कारंजापासून शेवटपर्यंत वाजतो, अंतऱ्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. अंतऱ्याचे पैसे तेवढे आधी घ्यावेत.