आमचा नंदीबैल

संध्याकाळी नांगर उचलून ट्रॅक्टर गोठ्यापुढं लावावा आणि सकाळी बघावं तर फाळ जमिनीत रुतलेले. चार दिवस मी शेजारच्या पोरांवर संशय घेतला. पाचव्या रात्री पाळत ठेवली. साडेदहापर्यंत नांगर वीतभर खाली आला होता आणि आसपास कुत्रंसुद्धा नव्हतं.

"लिफ्ट बसतीय," आण्णा म्हणाले आणि झोपायला गेले. लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरमागं नांगर उचलून धरणारं, तेलाच्या दाबावरचं यंत्र.

ट्रॅक्टर १९९१चा, माझ्याहून दोन वर्षांनी थोरला. इंजिन चालू असलं की उचललेला नांगर हळूच उतरायचा आणि झटका देऊन परत वर जायचा. आत तेल निसटतंय, व्हॉल्व्ह उघडतोय, पंप पुन्हा ढकलतोय. हुबेहूब नंदीबैल! पारावरून कुणीतरी विचारायचं, "यंदा पाऊस हाय का?" लिफ्ट मान हलवायची. "सोसायटीचं कर्ज माफ हुतंय का?" परत हलवायची.

खाली मात्र तेलाचा थेंब नाही. सिलेंडर लिफ्टच्या झाकणाखाली, पोटातच असतो. गळलेलं तेल तिथल्या तिथं परत टाकीत. घरातल्या घरात चोरी, मग पंचनामा कुणाचा करायचा?

गावानं सल्ले दिले. एकानं पंप बदलायला सांगितला. नांगर जोरात उचलतोय, खाली येतोय तो बसल्या बसल्या, यात पंपाचा काय गुन्हा? पण सल्ला फुकट होता, पंप नव्हता, म्हणून वाचलो.

शेवटी मिस्त्री आले. सीट काढली, चेनपुली लावून झाकण उचललं, पिस्टन बाहेर आला. त्याच्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगला नखाएवढा काप. शिवाय तिच्या पाठीला टेकायची चपटी रिंग भलत्याच बाजूला. तेलाचा दाब ओ-रिंगला फटीत रेटतो, म्हणून आधार दाबाच्या उलट बाजूला हवा.

"हे कुणी बसवलं?" मिस्त्री कडाडले.

"तुम्हीच. मागच्या वर्षी."

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. "तवा लाइट गेलती."

तेलाचा रंगही त्या चहासारखाच झाला होता. पाणी शिरलेलं. जाळीवर काळा गाळ आणि लोखंडाचा चुरा. असल्या तेलात कुठलं सील टिकणार? तेल शेवटचं कधी बदललं, यावर आण्णांनी डोळे मिटून हिशेब केला. "तुझ्या लग्नाआधी." माझ्या थोरल्याची यंदा मुंज झाली.

मिस्त्रींनी सिलेंडरच्या आतून नख फिरवलं. चरा लागला नाही. नशीब. नवी रिंग तेलात भिजवून, बोटांनी दाबत दाबत बसवली. रिंग ४० रुपयांची. खोळंबा तीन दिवसांचा. चहा मोजला नाही.

त्या रात्री नांगर वर उचलून मी भिंतीवर खडूनं खूण केली. तासाभरानं बघितलं, खुणेवरच. दोन तासांनी, खुणेवरच. बायकोला उठवून दाखवलं. ती काही बोलली नाही.

तेवढ्यात आण्णा बॅटरी घेऊन आले. लिव्हर खाली केला आणि नांगर सावकाश जमिनीवर टेकवला.

"रात्री वर ठिऊ नये. पोरंटोरं खाली जात्यात, सीलवर बी उगाच ताण."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"इतकी वर्षं त्यो आपला आपणच उतरत हुता की."